न जळणारा द्रव

चित्रपटगृहांत बसलेल्या प्रेक्षकाची पाठ ज्या खोलीकडे असते, त्या खोलीचा विचार तो सहसा करीत नाहीं. भिंतींतील चौकोनी झरोक्यांतून उजेडाचा झोत येतो, पडद्यावर माणसें चालूं-बोलूं लागतात. झोत मध्येंच तुटला म्हणजे मात्र सारें सभागृह एकाच वेळीं मागें वळून ओरडूं लागतें. या खोलींत काम करणाऱ्या ऑपरेटरच्या भोंवतीं यंत्रें, कार्बनच्या कांड्या, रिळांचे पत्र्याचे डबे, तेलाची बुधली असा सरंजाम असावयाचा, हें कोणीही सांगेल. पण त्यांतच फळीवर एक तपकिरी कांचेची बाटली असे. आंतला द्रव पाण्यासारखा स्वच्छ, वास गोडसर, आणि बाटली उचलतांच तिचें वजन हाताला चकित करणारें. फिती पुसण्याचें औषध म्हणून ती तेथें ठेवलेली असे. परंतु या औषधाचे फिती पुसण्याखेरीज इतके उपयोग निघाले, कीं त्याचा मूळ उपयोगच जणूं काय आनुषंगिक वाटावा.

रसायनशास्त्रांत या द्रवाचें नांव कार्बन टेट्राक्लोराइड. बाजारांत तो इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सी. टी. सी.’ याच नांवानें मागितला जाई. कार्बनचा एक परमाणु आणि क्लोरीनचे चार, एवढीच त्याची घटना. रेन्यो या फ्रेंच शास्त्रज्ञानें तो १८३९ सालीं प्रथम तयार केला. पाण्याच्या दीडपटीहून अधिक जड. ७७ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास उकळणारा, आणि म्हणून उघड्यावर पाहतां पाहतां उडून जाणारा. तेल, तूप, मेण, डांबर यांना सहज विरघळविणारा. तेल विरघळविणारे इतर द्रव पुष्कळ आहेत. पेट्रोल आहे, ईथर आहे, बेंझीन आहे. पण ते सारे पेट घेतात. हा पेटत नाहीं. त्याच्या सगळ्या कीर्तीचें आणि सगळ्या अनर्थाचें मूळ या एका गुणांत आहे.

आतां हा द्रव लागे कशाला, हें समजण्यास नंदुरबारकडचा मुलूख डोळ्यांपुढें आणणें सोयीचें होईल. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वींच्या पिढ्या या भागाला पश्चिम खानदेश म्हणून ओळखत. नंदुरबार आणि नवापूर हीं गांवें सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहेत. पण शहादें, तळोदें, अक्कलकुवा आणि सातपुड्याच्या कुशींतील धडगांव येथें आगगाडी नाहीं; रिळांच्या पेट्या तिकडे न्यावयाच्या तर त्या रस्त्यानेंच. जेथें पक्कें चित्रपटगृह नसे तेथें तंबू येई, आणि तंबूंतला सिनेमा जत्रेमागून जत्रा करीत हिंडे. दत्तजयंतीला तापीकांठीं सारंगखेड्यास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हजारों जनावरांच्या टापांनीं उडणारी तेथील धूळ ज्यानें पाहिली आहे, त्याला फितीची चिंता समजावून सांगावी लागणार नाहीं. एरव्हींही काळ्या कापसाळ जमिनीचा हा प्रदेश, उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर, आणि हंगामांत नंदुरबारच्या भोंवतीं मिरच्यांच्या पथाऱ्या मैलभर लाल पसरलेल्या. वारा फिरला म्हणजे सारा गांव शिंकतो. यंत्रांतून धांवणारी फीत शिंकत नाहीं, पण धूळ अंगावर घेतेच.

शिवाय लहान गांवीं येणारी फीत ही नवी कोरी नसे. चित्रपट आधीं मोठ्या शहरांत लागे. तेथें त्याचे खेळ संपले, म्हणजे तीच प्रत पायरीपायरीनें धाकट्या गांवांकडे उतरे. बोलपटाची फीत सेकंदाला २४ चित्रें या गतीनें, म्हणजे मिनिटाला ९० फूट धांवते. अडीच तासांच्या चित्रपटाची लांबी सुमारें १३,५०० फूट भरते, आणि प्रत्येक खेळाला ती सबंध लांबी यंत्राच्या दातऱ्या चक्रांमधून व दाबपट्टीमधून सरकत जाते. फीत थांबत थांबत पुढें ओढण्याची जी करामत आहे, तिचें खांचेदार चक्र तेलाच्या डबींत बुडालेलें असतें. यंत्र जुनें झालें कीं ती डबी पाझरते, तेल फितीवर येतें, तेलावर धूळ बसते, आणि धुळीची कांचकागदासारखी पूड होऊन ती पुढच्या प्रत्येक खेळांत चित्राला ओरखडे पाडते. फितीच्या कडेला आवाजाची जी बारीक रेघ छापलेली असते, तिच्यावर घाण बसली म्हणजे गाण्यांत खरखर सुरू होते. पडद्यावर जो पाऊस पडतांना दिसतो तो बहुतेक वेळां कथेंतला नसून ओरखड्यांचा असतो, ही थट्टा प्रेक्षकांच्या परिचयाची आहे.

अशी फीत पुसावयाची कशानें? पाण्यानें पुसावी तर चित्र ज्या जिलेटिनच्या थरांत असतें तो थर फुगतो आणि निसटतो. ॲसिटोननें पुसावी तर फीतच विरघळते. फितीचे तुटलेले तुकडे सांधण्याचा जो ‘सिमेंट’ ऑपरेटरजवळ असे, त्यांत ॲसिटोन असे तें याच कारणानें. पेट्रोलनें तेल जाईल, पण त्या खोलींत पेट्रोल आणणें म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारांत चूल मांडणें. राहतां राहिला सी. टी. सी. मखमलीचा किंवा मऊ सुती कापडाचा तुकडा त्यांत भिजवावा, दुमडून फीत त्यांत धरावी, आणि दुसऱ्या हातानें गुंडाळण्याचें चक्र सावकाश फिरवावें. फीत नव्या वळशांत जाण्यापूर्वीं द्रव उडून गेलेला असला पाहिजे, एवढेंच त्यांतलें कौशल्य. सबंध चित्रपट पुसण्यास तास न् तास लागत, आणि तेवढा वेळ माणसाचें नाक त्या कापडापासून हातभर अंतरावर असे.

न जळण्याला एवढें महत्त्व कां, हें आजच्या वाचकाला चटकन् उमगणार नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्रपटाच्या फिती नायट्रेटच्या, म्हणजे स्फोटक कापसाच्या जातीच्या द्रव्याच्या असत. अशी फीत पेटली म्हणजे ती स्वतःच्या पोटांतला प्राणवायु वापरून जळते. पाण्याखालीं धरली तरी विझत नाहीं. चित्रपटाच्या आरंभींच, ४ मे १८९७ रोजीं, पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारांत चित्रें दाखविणाऱ्या यंत्राच्या दिव्यांत ईथर भरीत असतां कोणी काडी ओढली, आणि कांहीं मिनिटांत शंभराहून अधिक माणसें भस्म झालीं. तेथें पेटलें तें ईथर. पण त्या दिवसापासून चित्रपट आणि आग हे दोन शब्द लोकांच्या मनांत जोडले गेले. न पेटणारी ॲसिटेटची फीत १९४८ नंतर सर्वत्र येऊं लागली, तरी जुना धोका सरला नव्हता. पुण्यांत ८ जानेवारी २००३ रोजीं नायट्रेटच्या जुन्या फितींचें कोठार जळालें आणि प्रभातसारख्या कंपन्यांच्या कित्येक चित्रपटांच्या मूळ फिती कायमच्या गेल्या. सारांश, ज्या खोलींत फीत जळते, कार्बनच्या कांड्यांमधील ज्योत साडेतीन हजार अंशांच्या आसपास तापते, आणि बाहेर शेंकडों माणसें अंधारांत बसलेलीं असतात, त्या खोलींत न पेटणारा एक द्रव हा ऑपरेटरला केवळ सोयीचा नव्हे, तर विश्वासाचा वाटला. आणि विश्वासाच्या वस्तूला माणूस फारसे प्रश्न विचारीत नाहीं.

त्या विश्वासानें बाटली हळूहळू फळीवरून खालीं उतरली. यंत्राला तेल देतांना सदऱ्यावर डाग पडला, तर कापडाच्या बोळ्यानें दोन थेंब चोळले कीं डाग गेला आणि कापड ओलेंही झालें नाहीं. ही कांहीं ऑपरेटरची एकट्याची युक्ति नव्हे. ज्याला आपण ‘ड्राय क्लीनिंग’ म्हणतों, त्या धंद्यानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हाच द्रव पिंपानें वापरला, आणि घरगुती डाग काढण्याच्या शिशांतून तो पाश्चात्य देशांत घरोघरीं गेला. जरीच्या शालूवर तुपाचा थेंब पडल्याचें दुःख ज्या घरांत ठाऊक आहे, तेथें अशा शिशीचें मोल सांगावयास नको. मग घड्याळाचीं चक्रें, टंकयंत्राच्या अक्षरांतील घट्ट झालेली शाई, विजेच्या बटनांवरचें किटण, हीं कामें त्याच बाटलीकडे आलीं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानांत सी. टी. सी. हें तर नित्याचें सामान झालें. आवाज कमीजास्त करण्याची खुंटी खरखरूं लागली कीं तिच्यांत चार थेंब, आणि पुढें टेपरेकॉर्डर आले तेव्हां त्यांच्या चुंबकी टोकाला कापसानें एक पुसणी.

सर्वांत नाजूक उपयोग टपालाचीं तिकिटें जमविणाऱ्यांनीं शोधला. तिकिटाच्या कागदांत जलचिन्ह असतें. उदाहरणार्थ, पंचम जॉर्जच्या काळांतील हिंदुस्थानच्या १९२६ पासूनच्या तिकिटांत ताऱ्यांच्या रांगा आहेत. तिकीट काळ्या बशींत पालथें ठेवून वर या द्रवाचे थेंब सोडले, कीं ते तारे क्षणभर स्पष्ट दिसतात. द्रव उडतो, तारे मावळतात, आणि तिकिटाच्या डिंकाला धक्काही लागत नाहीं. पाण्यानें हें साधत नाहीं, कारण पाण्यानें डिंक सुटतो. एवढ्याशा कामाला इतका नेमका द्रव दुसरा मिळणें कठीण होतें, हें कबूल करावेंच लागेल.

किड्यांवरही त्याचा प्रयोग झाला. फुलपांखरें जमविणारे अभ्यासक बरणीच्या तळाशीं कापूस ठेवून त्यावर तो ओतीत. बरणींत टाकलेलें फुलपांखरूं पंख न फडफडवितां मरे. धान्याच्या कोठारांत, एथिलीन डायक्लोराइडचे तीन भाग आणि याचा एक भाग असें मिश्रण करून, भारतांत कित्येक वर्षें पोरकिड्यांवर धुरी देण्यांत आली. तेथें याचें काम दुहेरी होतें: दुसऱ्या द्रवाची ज्वालाग्राहिता मारावयाची आणि वाफ पोत्यांच्या थप्पीच्या तळापर्यंत उतरवावयाची, कारण याची वाफ हवेच्या पांचपटीहून जड असते. चित्रपटगृहांतील खुर्च्यांचे ढेकूण हा प्रश्न तर खुर्च्यांइतकाच जुना आहे. ज्याच्या हाताशीं किडे मारणारी बाटली आहे, त्याला ती खुर्चीच्या फटींत रिकामी करण्याचा मोह होणें अशक्य नाहीं.

आणि आग? न पेटणारा द्रव आगीवर ओतून पाहणें हें ओघानेंच आलें. अमेरिकेंत पायरीन नांवाच्या कंपनीनें १९१० च्या सुमारास पितळेची एक हातपिचकारी काढली. तिच्यांत हाच द्रव भरलेला असे. मोटारींत, कचेऱ्यांत, विजेच्या यंत्रांजवळ ती खिळ्याला टांगलेली दिसे. पुढें त्याच द्रवाचे कांचेचे गोळेही निघाले. आगीवर फेंकावे, फुटतात, आग विझते. विजेच्या आगीवर पाणी घातक, हा घातक नाहीं. शिवाय मागें ओल राहत नाहीं. मात्र नायट्रेटच्या पेटलेल्या फितीवर त्याचा इलाज चालत नसे. हवा तोडून आग विझविणें ही त्याची रीत. आणि त्या फितीला बाहेरच्या हवेची गरजच नव्हती. जेथें त्याची सर्वांत अधिक गरज, तेथेंच तो निरुपयोगी, असा हा विचित्र योग आहे.

विचित्र योग येथेंच संपत नाहीं. हा द्रव स्वतः जळत नाहीं, पण तापलेल्या लोखंडावर किंवा ज्योतींत त्याची वाफ गेली म्हणजे ती फुटते आणि तिच्यांतून फॉस्जीन निघतो. पहिल्या महायुद्धांत १९१५ पासून खंदकांतल्या सैनिकांवर जो विषारी वायु सोडण्यांत आला, तोच हा. त्याची खुबी अशी, कीं श्वासाबरोबर आंत गेल्यावर कित्येक तास माणसाला फारसें कांहीं वाटत नाहीं. नंतर फुप्फुसांत पाणी भरूं लागतें. बंद खोलींत ही पिचकारी मारून आग विझविणारे लोक आगीनें नव्हे, तर या वायूनें मेल्याचीं उदाहरणें नोंदलेलीं आहेत. आतां ऑपरेटरची खोली पाहा. आगीच्या भीतीनें ती विटांची, जाड दाराची, लहान झरोक्यांची बांधलेली; आंत कार्बनची ज्योत; उन्हाळ्यांत द्रव अधिक भरभर उडणारा; आणि बारा-चौदा रिळें पुसतां पुसतां कंटाळलेल्या माणसाच्या ओठांत विडी. विडीचें पेटतें टोंकसुद्धां वाफ फोडण्यास पुरतें.

पण फॉस्जीन हा क्वचित् घडणारा अपघात झाला. नित्याचा घात निराळाच होता. या द्रवाची नुसती वाफ हुंगल्यानें आधीं डोकें हलकें होतें, मग दुखतें, मळमळतें. माणूस दारांत जाऊन बसतो, बरें वाटतें, परत कामाला लागतो. वास उडून गेला म्हणजे द्रवही गेला, असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षांत श्वासांतून शरीरांत गेलेल्या भागाचें रूपांतर यकृतांत होतें, आणि त्या रूपांतरांतच असा एक उग्र कण निर्माण होतो, कीं तो यकृताच्या पेशींच्या आवरणाचाच नाश करूं लागतो. एक-दोन दिवसांनीं डोळे पिवळे होतात. कधीं लघवी कमी होत होत बंद पडते, कारण मूत्रपिंडेंही त्याच तडाख्यांत सांपडलेलीं असतात. मधल्या दिवसांमुळें संबंधच तुटतो. कावीळ झाली एवढेंच घरच्यांना दिसतें; पाणी, उन्ह, खाणें यांच्यावर बोट ठेवलें जातें, आणि फळीवरच्या बाटलीची आठवण कोणाला होत नाहीं. वैद्यानें किंवा डॉक्टरनें “तुम्ही काम काय करतां?” हा प्रश्न विचारला तरच धागा हातीं लागावयाचा.

या विषाला मद्य हा मोठा सहायक आहे. नेहमीं दारू पिणाऱ्याच्या यकृतांत या द्रवाचें रूपांतर करणारा जो घटक असतो तो वाढलेला असतो. म्हणून जेवढ्या वाफेनें न पिणाऱ्याला डोकेदुखीपलीकडे कांहीं झालें नसतें, तेवढ्याच वाफेनें पिणाऱ्याच्या जिवावर बेततें. सातपुड्याच्या पायथ्याशीं मोह फुलतो आणि मोहाची दारू घरोघरीं निघते. दिवसा फिती पुसावयाच्या, रात्रीं दोन खेळ चालवावयाचे आणि मग थकवा घालविण्यासाठीं पेला जवळ करावयाचा, असा ज्याचा क्रम असेल, त्याला याहून वाईट जोडी निवडतां आली नसती.

हें कोणाला ठाऊकच नव्हतें असें नाहीं. १९०९ सालीं लंडनच्या एका नामांकित दुकानांत या द्रवानें कोरडें केस धुणें चाललें असतां एक तरुण स्त्री खुर्चींतच मरण पावली, आणि त्याची पुष्कळ चर्चा झाली. तरीही अवघ्या बारा वर्षांनीं हाच द्रव औषध म्हणून पोटांत गेला. अमेरिकेच्या सरकारी पशुवैद्यक खात्यांतील मॉरिस हॉल यांनीं १९२१ मध्यें कुत्र्यांच्या आंतड्यांतील आंकडेकृमींवर त्याचा गुण पाहिला, मग स्वतः तीन घनसेंटिमीटर घेऊन पाहिला. फिजी बेटांत तर हजारों लोकांना तो पाजण्यांत आला, आणि कृमि खरोखरच पडले. बहुतेकांना कांहीं झालें नाहीं. कांहीं मेले, आणि त्यांत मद्यपी पुष्कळ होते. चार वर्षांच्या आंत हॉल यांनींच दुसरें, कमी घातक औषध पुढें आणलें. या माणसाची हिंमत वाखाणावी कीं उतावीळपणाला नांवें ठेवावीं, याचा निर्णय ज्याचा त्यानें करावा. आपला शोध स्वतः मागें सारण्याचा प्रामाणिकपणा मात्र दुर्मिळ आहे.

घरगुती वापरासाठीं याच्या विक्रीस अमेरिकेंत १९७० सालीं बंदी झाली. फिती पुसण्याचें काम पुढें मिथिल क्लोरोफॉर्म या सौम्य भावंडाकडे गेलें. मोठ्या प्रयोगशाळांत तर बंद यंत्रांत सूक्ष्म ध्वनिलहरींनीं फिती धुतल्या जाऊं लागल्या. मग एक अगदीं अनपेक्षित अडचण उभी राहिली. जे द्रव जळत नाहींत, सहजासहजीं बदलत नाहींत, ते हवेंत मिसळून वर चढत चढत ओझोनच्या थरापर्यंत पोंचतात, आणि तेथें सूर्यकिरणांनीं फुटून त्या थराचा नाश करतात. १९८७ च्या माँट्रिअल कराराला १९९० मध्यें लंडनला जी पुरवणी जोडली गेली, तींत हीं दोन्ही भावंडें आलीं. भारत १९९२ सालीं करारांत सामील झाला, आणि १ जानेवारी २०१० पासून कार्बन टेट्राक्लोराइडचा असा वापर येथें बंद ठरला. रासायनिक कारखान्यांत दुसरीं द्रव्यें बनविण्याचा कच्चा माल म्हणून तो तेवढा राहिला. त्याच सुमारास फितीही गेल्या. चित्रपट आतां पेटींतून किंवा उपग्रहावरून येतो, त्याला तेल लागत नाहीं आणि धूळही लागत नाहीं. ऑपरेटरच्या खोलींतील मखमलीचा तुकडा आणि बाटली दोन्ही एकाच दशकांत निरुद्योगी झालीं.

बाटल्या मात्र लवकर मरत नाहींत. बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या माळ्यावर, जुन्या रेडिओ-दुकानाच्या खणांत, तिकिटें जमविणाऱ्या आजोबांच्या पेटींत अशी एकादी तपकिरी शिशी अजून निघूं शकते, आणि भिंतीवरची शोभेची म्हणून जपलेली पितळी पिचकारी भरलेली असूं शकते. ती उघडून वास घेऊं नये, तिनें कांहींही पुसूं नये, कांचेचा गोळा असेल तर तो मुलांच्या हातीं जाऊं देऊं नये. आणि ती मोरींत किंवा परसांत ओतूं तर मुळींच नये. हा द्रव पाण्यापेक्षां जड असल्यामुळें जमिनींत मुरतांना पाण्यावर तरंगत नाहीं. तो पाण्याच्याही खालीं उतरतो, खडकाच्या भेगांत तळाला जाऊन बसतो, आणि तेथून थोडा थोडा करून वर्षानुवर्षें विहिरीच्या पाण्यांत उतरत राहतो. बूच घट्ट असेल तसेंच ठेवून, बाटली उभी, सावलींत, मनुष्यवस्तीच्या खोलीबाहेर ठेवावी, तिच्यावर ठळक अक्षरांत नांव लिहावें, आणि विषारी रासायनिक कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचा परवाना असलेल्या संस्थेकडे ती सोंपवावी. अशी संस्था कोठें आहे, याची चौकशी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्ह्यांतील किंवा विभागांतील कचेरींत करतां येते.